17 जूनच्या गैरहजेरीचं खरं कारणच कोर्टाला सांगा

प्रश्न : वकीलताई, आम्ही चोपडा तालुक्यातले. शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्यासाठी माझ्या मिस्टरांनी 2021 मध्ये शेजारच्या गटवाल्यावर दावा लावला. निशाणी 5 वर, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, हुकूम आमच्या बाजूने झाला होता. मिस्टर सुरतला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत, तारखा वकीलसाहेबच बघायचे. यंदा 17 जूनला आमच्याकडून कोणी हजर नव्हतं म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला. वकीलसाहेबांच्या कारकुनाने डायरीत 17 ऐवजी 27 लिहिलं होतं. 27 ला त्यांचे ज्युनिअर गेले, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, आमचा नंबर नव्हता, पुढची तारीख पडली असेल असं समजून ते परत आले. पोळ्यानंतर दोन दिवसांनी शेजाऱ्याने रस्त्यावर तारेचं कुंपण ओढलं आणि ‘तुमचा दावा कोर्टाने कधीच काढून टाकला’ असं तोंडावर सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं. केळीचे घड कापणीला आले आहेत, गाडी आत जात नाही. गावातले जाणकार म्हणतात, त्या दिवशी मिस्टरांना कावीळ होती असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, दावा लगेच चालू होईल. कोणी म्हणतं नवीन दावा टाका, कोणी म्हणतं वकिलावरच केस करा. या बोलण्यातच दोन आठवडे गेले. आते काय करानं, ताई?

उत्तर :

ताई, ते सर्टिफिकेट आणू नका. बाकी सगळं पुढे सांगते, पण मिस्टरांना आज रात्री फोन कराल तेव्हा हे पहिलं सांगा.

तुमच्याकडे खरं कारण आहे, आणि ते चांगलं कारण आहे. वकिलाच्या डायरीत तारीख चुकीची चढणं ही कोर्टात नेहमी घडणारी गोष्ट आहे आणि न्यायाधीशांना ती समजते. त्या चुकीचा कागदोपत्री पुरावाही तुमच्याजवळ आहे : डायरीचं ते पान. असं असताना कावीळ कशाला? मिस्टर 17 जूनला सुरतच्या कारखान्यात हजर होते, तिथल्या हजेरीपटावर त्यांचं नाव असणार. तुमच्या गावातली आणखी किती तरी माणसं सुरतला असतील, त्यांतला एखादा शेजाऱ्याच्या नात्यातला निघायला वेळ लागत नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी फक्त एवढंच विचारलं की ‘त्या महिन्याचा पगार कापला गेला का?’, तर पुढे काय होईल याचा विचार करा. दावा जाईलच, शिवाय प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिलं म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली मिस्टरांवर फौजदारी होऊ शकते. कोर्टात दिलेल्या खोट्या पुराव्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सल्ला देणारा जाणकार तेव्हा कट्ट्यावरच बसलेला असेल, पिंजऱ्यात तुमचे मिस्टर उभे असतील.

आता दाव्याचं नेमकं काय झालंय ते समजून घ्या. कोर्टाने रस्ता तुमचा नाही असं म्हटलेलं नाही. साक्षीपुरावा तपासून दिलेला हा निकाल नव्हे. पुकारा झाला, तुमच्या बाजूने कोणी उठलं नाही, म्हणून फाईल बंद झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे 1908 च्या कायद्यात, अशा आदेशाला हुकूमनामा, म्हणजे हक्काचा अंतिम निवाडा, मानतच नाहीत. त्यामुळे त्यावर सरळ अपील करता येत नाही. ज्या कोर्टाने दावा काढला त्याच कोर्टात तो पुन्हा मूळ नंबरावर घ्या असा अर्ज करायचा असतो.

अर्ज कोणत्या नियमाखाली, हे 17 जूनच्या रोजनाम्यावर, म्हणजे त्या तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीवर, ठरतं. त्या दिवशी दोन्ही बाजूंचं कोणीच नसेल तर दावा त्याच संहितेतल्या आदेश 9 नियम 3 प्रमाणे निघाला. मग नियम 4 खाली तोच दावा परत उघडायचा अर्जही करता येतो आणि मुदत शिल्लक असेल तर नवीन दावाही टाकता येतो. पण प्रतिवादी किंवा त्याचे वकील हजर होते आणि फक्त तुम्हीच नव्हतात, तर तो नियम 8 चा आदेश होतो. तेव्हा त्याच कारणावर नवीन दावा टाकायला नियम 9 ने सरळ बंदी आहे. शेजाऱ्याला दावा निघाल्याचं इतकं पक्कं माहीत होतं, त्यावरून मला वाटतं की त्याचे वकील त्या दिवशी हजर असावेत. म्हणून नवीन दावा टाका म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी रोजनामा वाचा. आता ओढलेलं कुंपण हे नवं कारण आहे असा युक्तिवाद करता येईल, पण रस्त्याच्या हक्काचा प्रश्न तोच राहतो आणि समोरची बाजू पहिली हरकत हीच घेईल. 2021 पासूनचं काम ज्या फाईलमध्ये आहे तीच फाईल परत उघडणं तुमच्या जास्त हिताचं आहे.

रोजनाम्यात आणखी एक गोष्ट बघा. दावा ‘वादी व वकील गैरहजर’ म्हणून काढलाय, की ‘वादीने पुरावा दिला नाही’ म्हणून गुणदोषावर फेटाळलाय? दुसरा प्रकार असेल तर त्याला आदेश 17 नियम 3 लागू शकतो, मग तो हुकूमनामा ठरतो आणि मार्ग अपीलाचा होतो. तुमच्या पत्रावरून पहिलाच प्रकार दिसतो, तरी डोळ्यांनी खात्री करा.

रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज केला नसेल तर उद्या करा. आणि नक्कल फक्त 17 जूनच्या पानाची मागू नका, 2021 पासूनचा पूर्ण रोजनामा मागा. का, ते सांगते. कोर्ट एका दिवसाच्या गैरहजेरीकडे बघताना हा पक्षकार एरवी कसा वागला हेही बघतं. चार वर्षांत बहुतेक तारखांना तुमचे वकील किंवा मिस्टर हजर होते, निशाणी 5 चा अर्ज नेटाने चालवून हुकूम मिळवला, हे रोजनाम्यातून आपोआप दिसतं. उलट दर दोन तारखांआड ‘वादीतर्फे मुदत अर्ज’ असं असेल, तर तेही तुमच्या वकिलांना आधी माहीत असलेलं बरं.

मात्र नक्कल हातात येईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. इथे फार लोक फसतात. अपीलात नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, दावा पुन्हा उघडण्याच्या अर्जात तशी सूट धरून चालू नका. मुदत कायदा 1963 च्या अनुच्छेद 122 प्रमाणे मुदत 30 दिवसांची आहे आणि ती दावा काढल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. 17 जूनचा दिवस सोडला तर तुमची मुदत 17 जुलैला संपली. म्हणजे आज तुम्ही साधारण दोन महिने उशिरा आहात, आणि रोज एक दिवस वाढतोय. (एकतर्फी हुकूमनामा झालेल्या प्रतिवादीचं गणित वेगळं असतं. त्याला समन्सच नीट बजावलं नसेल तर कळल्यापासून 30 दिवस मिळतात. गावात तुम्हाला कोणी ‘कळल्यापासून महिना’ असं सांगितलं असेल तर तो नियम वादीला लागत नाही.)

म्हणून अर्ज दोन करावे लागतील. एक, मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा. दुसरा, दावा पुन्हा उघडण्याचा. दोन्ही एकाच वेळी द्यायचे. आधी विलंबाचा अर्ज चालेल, तो मंजूर झाला की दुसरा. आणि दोन्हींत मागायचं कारण वेगवेगळं आहे, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं तर बरं झालं असतं, इतके अर्ज मी यात घोळ झालेले बघितले आहेत. दावा पुन्हा उघडण्याच्या अर्जात एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं : 17 जूनला सकाळी पुकारा झाला तेव्हा तुमच्याकडून कोणी का नव्हतं? त्याच्या आधीच्या वर्षी सासऱ्यांचं आजारपण होतं, मागच्या उन्हाळ्यात घरात लग्न होतं, ही हकीकत तिथे कामाची नाही. सुप्रीम कोर्टाने 2000 सालच्या एका निकालात हेच म्हटलंय की पुरेसं कारण त्या गैरहजेरीच्या दिवसाचं बघायचं. तुमचं उत्तर सरळ आहे. डायरीत 27 नोंदलं गेलं, म्हणून 17 ला कोणी गेलं नाही.

विलंबाच्या अर्जात 18 जुलैपासून अर्ज दाखल होईपर्यंतच्या काळाचा हिशेब द्यायचा. 27 जूनला ज्युनिअर कोर्टात गेले हे लिहा, लपवू नका. समोरचे वकील विचारणारच की बोर्डावर नंबर नव्हता तर तुम्ही तेव्हाच कोर्टाच्या शिरस्तेदाराकडे किंवा मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये का बघितलं नाही. याचं उत्तर ज्युनिअरनेच द्यायला हवं, त्यांच्या शब्दांत. मिस्टरांनी जून ते ऑगस्ट वकिलांना एकदाही विचारलं नाही का, हाही प्रश्न येईल. विचारलं असेल तर फोनची नोंद, व्हॉट्सअॅपचा निरोप शोधून ठेवा. नसेल विचारलं तर ‘वकिलांवर विश्वास होता आणि सुरतहून यायला सुट्टी मिळत नव्हती’ असं खरं तेच लिहा. पोळ्यानंतर कुंपण घातलं गेलं, त्यानंतर तुम्ही वकिलांकडे केव्हा गेलात, हे तारखेनिशी लिहा. शेवटचे दोन आठवडे सर्टिफिकेटच्या नादात गेले, त्यांचाही हिशेब लागेल, म्हणून ते आता आणखी वाढवू नका.

कोर्ट उशीर माफ करतं का? करतं, कारण पटलं तर. अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुद्दाम उशीर करून कुणाचा फायदा होत नाही, उलट त्यात धोकाच असतो, तेव्हा हे अर्ज कीस काढत न बसता व्यवहारी दृष्टीने बघा. त्याआधी 1981 च्या ‘रफिक विरुद्ध मुन्शीलाल’ मध्ये तर जणू तुमच्यासारख्यांचाच विचार आहे. खेड्यातला माणूस वकील लावतो, कागद देतो, फी देतो आणि निर्धास्त होतो. वकील हजर राहिला नाही म्हणून त्या माणसाचं नुकसान होऊ देऊ नये, असं तिथे म्हटलंय. पण ही एकच बाजू वाचून स्वस्थ बसू नका. अलीकडच्या निकालांत, 2024 मध्येही, सुप्रीम कोर्टाने बजावलंय की सगळा दोष वकिलावर टाकून पक्षकाराला मोकळं होता येणार नाही, आपल्या दाव्यावर त्याचंही लक्ष हवं. म्हणूनच नुसतं ‘वकिलाची चूक’ असं एक वाक्य लिहून भागत नाही. चूक कशी झाली, कोणाच्या हातून झाली, कशावरून, हे सगळं कागदाने दाखवावं लागतं.

त्यासाठी तीन प्रतिज्ञापत्रं लागतील. पहिलं मिस्टरांचं. वादी ते आहेत, अर्जावर सही त्यांचीच. तुम्ही दाव्यात पक्षकार नाही, त्यामुळे रीतसर मुखत्यारपत्र नसेल तर तुमच्या सहीने चालणार नाही. त्यांना एका दिवसासाठी यावंच लागेल. भुसावळकडे येणारी गाडी पकडून अमळनेरला उतरले तर तिथून चोपडा लांब नाही. येताना कारखान्याची जूनची हजेरी मिळाली तर आणायला सांगा. ते सुरतला होते हे लपवायची गरजच नाही, ते सुरतला होते आणि तारखेसाठी वकिलांवर अवलंबून होते हीच आपली बाजू आहे. दुसरं प्रतिज्ञापत्र कारकुनाचं किंवा वकीलसाहेबांचं स्वतःचं, डायरीच्या पानाच्या झेरॉक्ससह. मूळ डायरी सुनावणीला हजर ठेवायची. डायरीत कसलीही खाडाखोड करू नका, 27 लिहिलंय तेच असू द्या. तिसरं 27 जूनला गेलेल्या ज्युनिअरचं.

आता वकिलावर केस करण्याचं. तुमचा राग मला समजतो. वर्षानुवर्षं फी भरली, आणि एका आकड्याने रस्ता गेला. अॅडव्होकेट अॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, तो तुमचा हक्क आहे. पण ती आज करू नका. आज तुम्हाला त्यांचं प्रतिज्ञापत्र आणि डायरी हवी आहे. ज्याच्यावर आपण तक्रार केली तो माणूस आपल्यासाठी चुकीची कबुली लिहून देईल का? त्यांच्याकडे जा आणि शांतपणे म्हणा : साहेब, चूक तुमच्याकडून झालीय, ती कोर्टाला तुम्हीच सांगा. पुष्कळ वकील हे करतात, आणि करायलाच हवं. त्यांनी नकार दिला, किंवा तेच कावीळचं सुचवत राहिले, तर मात्र फाईल परत घ्या, वकीलपत्रावर त्यांची ना हरकत घ्या आणि दुसरे वकील लावा. फाईल आणि ना हरकत मागायला संकोच करू नका, फाईल तुमची आहे.

कुंपणाबद्दल काळजीने सांगते. पक्कड घेऊन तार तोडायला कोणी जाऊ नका. दीरही नाही, गडीही नाही. दावा निघाला तेव्हा निशाणी 5 चा हुकूमही संपला, त्यामुळे शेजाऱ्याने कोर्टाचा हुकूम मोडला अशी तक्रार आज टिकणार नाही. तार तोडली तर नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. दावा पुन्हा उघडला गेला की तो हुकूमही पुन्हा जिवंत होतो, कोर्टाने वेगळं काही म्हटलं नसेल तर. सुप्रीम कोर्टाचा 2004 चा तसा निर्णय आहे. तरी अर्जातच ‘मनाई हुकूम पूर्ववत करावा’ अशी मागणी शब्दांत लिहून घ्या, आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत परिस्थिती आणखी बिघडवू नये यासाठी वेगळा तातडीचा अर्ज द्या. तो मंजूर होईलच असं नाही, पण मागितलाच नाही तर मिळणार कुठून?

केळी मात्र कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. घड पिकायला लागले की व्यापारी भाव पाडतो, मग घेतच नाही. त्यासाठी तहसीलदारांकडचा रस्ता आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 प्रमाणे शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्याला अडथळा केला तर तो काढून द्यायचा अधिकार तहसीलदारांना आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा, तुमचं कुंपण पोळ्यानंतरचं म्हणजे मुदत आहे. त्या अर्जात दिवाणी दावा लावला होता, मनाई हुकूम होता, 17 जूनला दावा निघाला, तो पुन्हा उघडण्याचा अर्ज करतोय, हे सगळं लिहा. लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की आपला खरा मुद्दाही खोटा वाटायला लागतो. मंडळ अधिकाऱ्यांनी स्थळ पाहणी करून पंचनामा केला तर तो पुढे दिवाणी दाव्यातही उपयोगी पडेल. तोवर कुंपणाचे फोटो काढून ठेवा, गाडीची चाकोरी दिसतेय तोच फोटो घ्या. पावसात ती बुजते.

आणि पोलीस पाटलांना मध्ये घालून शेजाऱ्याशी एकदा बोला. ‘दोघांच्या हक्काला बाधा न येता, फक्त या कापणीपुरती गाडी जाऊ द्यावी’ असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेता आल्या तर घ्या. ‘हक्काला बाधा न येता’ हे शब्द गाळू नका. ते नसतील तर परवानगी मागून रस्ता वापरला, म्हणजे हक्क नव्हताच, असं उद्या तुमच्याच कागदावरून म्हणतील.

अर्ज दाखल झाल्यावर काय होतं तेही ठाऊक असू द्या. कोर्ट शेजाऱ्याला नोटीस काढेल. नियम 9 प्रमाणे नोटिशीशिवाय दावा पुन्हा उघडताच येत नाही, म्हणून त्याचा पत्ता बरोबर द्या आणि नोटिशीचा खर्च वेळेवर भरा, नाहीतर हाच अर्जही गैरहजेरीत जायचा. त्याचे वकील म्हणणं देतील, मिस्टरांची किंवा कारकुनाची उलटतपासणी होऊ शकते. कारण पटलं तर कोर्ट बहुधा काही रक्कम कॉस्ट, म्हणजे खर्च, म्हणून भरायला लावून दावा पुन्हा उघडेल. कॉस्ट ठरल्या मुदतीत भरा आणि पावती जपून ठेवा. ती रक्कम वकीलसाहेबांनी सोसावी असं तुम्ही त्यांना म्हणू शकता, रफिकच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने खर्च वकिलाकडूनच वसूल करायला सांगितला होता.

नियम 9 चा अर्ज नामंजूर झालाच तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील आहे. तुमचा आदेश नियम 3 चा निघाला आणि नियम 4 चा अर्ज नामंजूर झाला तर अपील नाही, पुनरीक्षणासाठी (आदेश तपासून घेण्यासाठी) उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं. खर्चाची अडचण असेल तर मिस्टरांनी तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील किंवा अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर वकील मोफत मिळतो.

दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याची ओळख पटवणारा नंबर, वकिलांकडून लिहून घ्या आणि ई-कोर्ट्सचं अॅप तुमच्या मोबाईलवर आणि मिस्टरांच्याही मोबाईलवर टाका. नवीन अर्जाला वेगळा नंबर पडेल, त्याचाही सीएनआर घ्या. प्रत्येक तारखेच्या आदल्या आठवड्यात बघा आणि वकिलांना फोन करा, मिस्टर सुरतला असले तरी. उद्या नकलेचा अर्ज, मिस्टर येतील त्या दिवशी प्रतिज्ञापत्रं, आणि त्याच दिवशी दाखल. नक्कल मागाहून जोडता येते.